चुकवलेली काळी चार

मी एक जुना ऑर्गन आहे, विजेवर चालणारा. मित्रांनो, मला पेटीचा भाऊबंद समजू नका. पेटीला भाता मारून श्वास द्यावा लागतो. माझं बटण दाबलं की काम झालं. हा तोरा माझ्या अंगी जन्मापासून आहे आणि म्हातारपणीही तो गेलेला नाही.

पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी घडलो. माझ्या पोटात बारा सुरांची बारा सर्किटं बसवली, आणि एकेक तार हातानं सोल्डरचा डाग देऊन जोडली. तिथून मी भोरला आलो, सोपानच्या वडिलांच्या गायन पार्टीत. जयंती असो की लग्न, बाबासाहेबांची गाणी म्हणायला ही मंडळी भोर-वेल्ह्यातली गावं पालथी घालत. वडिलांमागे सोपान मला वाजवू लागला. गायला होती त्याची अंजनाआत्या.

आत्या काळी चारमध्ये गायची. म्हणजे माझ्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा लागायचा. तिनं अंतरा उचलला की मागं बसलेली माणसं पुढं सरकायची. कौतुक तिचं व्हायचं, पण त्यातलं थोडं मी आपलंसं करून घ्यायचो.

एकदा वेल्ह्यातल्या पासली गावाहून उतरताना आमचा टेम्पो खड्ड्यात असा आदळला की माझ्या पोटात काहीतरी तडकलं. पुढच्या कार्यक्रमाला काळी चार दाबली, तर आवाजच नाही. वरच्या सप्तकात नाही, खालच्याही नाही. लोक जमलेले. सोपाननं वेळ मारून नेली आणि गाणं काळी पाचवरून धरलं. खालच्या पट्टीत गाणं पडतं, वर घेतलं की उठतं, असं त्याचं मत. ही सोय त्या दिवसापुरती होती. पण एकदा पडलेली पायवाट कोण मोडतो?

काळी पाच आत्याला उंच पडायची. अंतऱ्याला तिचा आवाज फाटू लागला. सोपानला वाटलं, वय झालं. लोकांनाही तेच वाटलं. सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाही तेच वाटलं. एका कार्यक्रमात पोरं हसली, आणि ती माईक ठेवून मागं कोरसमध्ये जाऊन बसली. टाळ्या वाजवायची, पण ओठ मिटलेले. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं. सांगायला मला जो सूर हवा होता, नेमका तोच माझ्याकडे उरला नव्हता.

यंदा जयंतीच्या तोंडावर कापूरहोळला टेम्पोचे दिवे गेले. तिथं हनुमंत नावाच्या वायरमनचं दुकान आहे. ट्रकचे हॉर्न, ॲम्प्लिफायर, काय वाट्टेल ते तो दुरुस्त करतो. दिवे लावता लावता त्याची नजर माझ्यावर गेली.

"ह्यो वाजतो का अजून?"

"वाजतो की," सोपान म्हणाला. "एक काळी तेवढी बंद हाय. आमी चुकवून जातो तिला."

"कवापास्नं?"

"लई वर्सं झाली."

"आन् एकदाबी उघडून बघितलं न्हाई?"

हनुमंतनं माझं झाकण काढलं. आत धूळ होती, झुरळाचे पाय होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळी चारच्या सर्किटवर त्याला एक तडकलेला डाग सापडला. एवढासाच, मोहरीएवढा. त्यानं सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली, नवा डाग दिला आणि पट्टी दाबली. मी बोललो!

मग त्यानं मोबाईलवरचं सूर मोजायचं ॲप समोर धरून, बारीक स्क्रू फिरवत सूर लावला. मोबाईल म्हणाला, बरोबर. पण माझे बाकीचे अकरा सूर वयानुसार जरासे उतरलेले, त्यांच्यात हा नवा एकटाच चढा. बाहेर बाकड्यावर चहा पीत बसलेल्या आत्यानं तोंड वाकडं केलं.

"चढलाय त्यो. उतरव."

"मावशी, तुमीच धरा की सूर," हनुमंत म्हणाला. "मी मोबाईल ठिवतो."

"म्या? माझा गळा कवाच गेला, बाबा."

"गायाचं न्हाई. निस्ता सा धरा."

तिनं चाचरत सा धरला. हनुमंत स्क्रू फिरवत राहिला, आणि हळूहळू मी तिच्या आवाजात मिसळून गेलो. सोपाननं दोन्ही हात माझ्यावर ठेवले. बोटं सवयीनं काळी पाचकडे गेली, थबकली आणि मागं आली. तिचं जुनं गाणं त्यानं काळी चारवरून सुरू केलं.

अंतरा आला. आत्या उठून उभी राहिली. आवाज थोडा जाडसर झाला होता, पण जिथं पोचायचं तिथं तो सरळ पोचला. शेजारच्या ढाब्यावरची माणसं जेवता जेवता वळून बघू लागली.

गाणं संपलं तरी सोपान मान वर करीना. "आत्या, तुमचा गळा गेला नव्हता. म्या पट्टी चढवली व्हती."

आत्या खाली बसली. "येवढी वर्सं रोज मिठाच्या पान्यानं गुळण्या केल्या रं म्या," ती म्हणाली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

जयंतीला ती पुढं बसली, माईकसमोर.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूचा एखादा सूर गेला, तर तो चुकवून पुढं जाऊ नका. आधी झाकण उघडून बघा. तुम्ही वळसा घालता आणि विसरून जाता. त्या वळशाचा चढ मात्र दुसरंच कुणीतरी चढत असतं, आणि दम लागला की स्वतःच्याच छातीला दोष देत असतं.