पिकअपची अंघोळ

या, असे जवळ सरून बसा. मागे कोण उभं आहे? तुम्हीही या, सतरंजी मोठी आहे. आज एका पिकअप गाडीची गोष्ट ऐकवायची आहे. गाडीची म्हणून तोंड वाकडं करू नका. तिच्यात नर्मदामाई आहे, कीर्तन आहे आणि एका भावाची बहीणही आहे.

भावाचं नाव मोतीराम. राहायचा जबलपुरात, आणि मटाराच्या दिवसांत शहपुऱ्याहून मंडीत पोती वाहायचा. गाडी जुनी, पण राबणारी. त्याची थोरली बहीण पार्वताबाई शहपुऱ्यातच दिलेली. जन्मभर कीर्तनाची वेडी. कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून मात्र ती खाटेला खिळली. उठून बसणंही होईना. एकदा भावाचा हात धरून म्हणाली, "मोत्या, नर्मदा जयंतीले ग्वारीघाटावर आपल्या मंडळाचं कीर्तन असते. मले नेऊन टाक तिथं. पडल्या पडल्या आयकीन."

"नेतो ना बाई! गादी टाकून नेतो, राणीसारखी."

आता बहिणीला माईच्या दारी न्यायचं, तर मटाराच्या कचऱ्यात कसं न्यायचं? मोतीरामनं गाडी घाटावर नेली, माईच्या पाण्यानं रगडून न्हाऊ घातली. मग त्याला वाटलं, वरवरची कसली अंघोळ? त्यानं बॉनेट उघडलं आणि हात जोडून भरल्या बादल्या इंजिनावरही ओतल्या. भोळा माणूस! माईनं आतपर्यंत पोचावं, एवढीच त्याची इच्छा.

परतताना स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला.

मोतीराम तसाच गोहलपुरला भैयालालकडे गेला. हा त्याचा नेहमीचा मिस्त्री. भैयालालनं स्टिअरिंगखाली मशीन जोडलं, पडद्यावर पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"सेंसर का सिग्नल टूट रहा है, मोतीराम जी. या तो सेंसर गया, या कहीं तार के प्लग में गड़बड़ है. इंजन में पानी तो नहीं लगा?"

मोतीरामला त्या भरल्या बादल्या आठवल्या. माईच्या पाण्यानं गाडी बिघडली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? माईवर आळ घ्यायचा?

"नाही भैया," तो म्हणाला. "पानी कहाँ से लगेगा?"

मग भैयालालनं तरी काय करावं? प्लग उघडायचे सोडून त्यानं सेन्सर बदलला. दिवा विझला. "चलो, गंगा नहाए," काम फत्ते झालं की म्हणतात तसं तो हसून म्हणाला, आणि मोतीरामनं मान खाली घातली.

जयंतीच्या दुपारी पार्वताबाई गाडीच्या मागच्या हौद्यात गादीवर निजून निघाली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. केबिनची मागची काच उघडी ठेवलेली, बोलायला बरी म्हणून. शहपुरा मागे पडला, रस्त्याला एक खड्डा लागला, गाडी दणकली आणि पिवळा दिवा पुन्हा उजळला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. पुढचा चढ अर्धा चढून ती थांबली ती थांबलीच.

मोतीरामनं फोन लावला. भैयालाल घाटावरच होता, भंडाऱ्याच्या जेवणासाठी पुऱ्या तळत. मागे शंख, घंटा, गलका. गाडी थांबल्याचं ऐकून तो म्हणाला,

"भैया, दुकान बंद है! पानी तो नहीं लगा था न?"

मोतीरामनं डोळे मिटले. "लगा था. मैंने ही डाला. बाल्टी से."

 झांजांच्या गजरातून भैयालाल म्हणाला, "उसी दिन बोल देते, भैया... देखो, काला वाला प्लग खोलो, नीचे का. सूखे कपड़े से पोंछो."

बॉनेटखाली सगळेच प्लग काळे, आणि सगळेच खाली! मोतीरामनं गमछ्यानं हाताला लागतील ते पुसले. इंजिन सुरू व्हायचं, पण जोर धरायचं नाही. तो रस्त्यावर येऊन हात करू लागला. माणसांनी भरलेल्या गाड्या जायच्या. लोक प्रेमानं "नर्मदे हर!" म्हणायचे आणि पुढे निघून जायचे. निजलेल्या माणसाला जागा कोणाकडे होती?

"मोत्या," काचेतून आवाज आला. "माह्यासाठी अंघोळ घातली काय रे गाडीले?"

"हो बाई."

"इंजिनाले बी?"

"...हो."

पार्वताबाईला हसू आलं. इतकं, की कमरेतून कळ गेली तरी थांबेना. "अन मिस्त्रीले सांगितलं काहून नाही?"

"माईच्या पाण्यानं बिघडली म्हनून कसं सांगू?"

"माईनं उचलली होती काय बालटी? येड्या!"

मग ती आभाळाकडे पाहू लागली. म्हणाली, "बुवा उभे राहिले असतील आता." आणि बोटांनीच गादीवर ठेका धरला. मोतीराम बॉनेट सोडून तिच्या उशाशी येऊन बसला. दुसरं काय करण्यासारखं उरलं होतं?

"पूर्वरंग रंगला असंल... आता बुक्का लावून राहिले असतील बुवाले. हार घातला." तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. मोतीरामच्याही लावलं. ऊन पिवळं झालं, मग तेही गेलं. तिची बोटं थांबली.

"आरती झाली असंल रे. चाल घरी."

एका ट्रॅक्टरनं दोरी बांधून गाडी मागे शहपुऱ्याला ओढत नेली. 

पुढे भैयालालनं एका प्लगमधला हिरवा गंज खरवडून काढला. तेवढंच काम. दिवा गेला तो गेलाच. पण तोवर, अमराईतला मोहोर झडायच्या आतच, पार्वताबाई देवाघरी गेली होती. भैयालाल म्हणाला, "देखो, बुझ गया." मोतीराम विझलेल्या दिव्याच्या त्या काळ्या जागेकडे बघत बसून राहिला, त्याला किल्ली फिरवावीशी वाटेना.

तर बाबांनो, बायांनो, कधी कीर्तनाला बसाल आणि बुवांच्या कपाळी बुक्का लागेल, तेव्हा क्षणभर पार्वताबाईची आठवण काढा. अर्ध्या चढावर, आभाळाखाली, तिनं सगळं कीर्तन ऐकलं होतं. आपण तिला तेवढं आठवू या.