खुर्चीवाल्या गाडीचं बिल

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून तो गाडीचा रोग ओळखायचा, आणि रोग्याचा चेहरा बघून फी सांगायचा. व्हीलचेअरसकट माणूस आत घेणारी व्हॅन त्याच्या गॅरेजच्या फाटकातून वळली की हा आकडा आपोआप वर चढत असे. याला तो लुबाडणूक म्हणत नव्हता. वेगळं काम, जोखमीचं काम, असं म्हणायचा. खरं कारण एवढंच होतं की अशा गाडीच्या लिफ्टला हात लावणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. हे त्याला जसं ठाऊक होतं, तसं गाडीवाल्यांनाही.

टेलरबाईची व्हॅन त्यातलीच. बाई खुर्चीतूनच कपडे बेतायची, माप घ्यायची, गिऱ्हाइकांशी वाद घालायची. नवरा तिला रोज दुकानात सोडायचा. गाडीच्या मागच्या दाराला लोखंडी फळीची लिफ्ट होती. फळी जमिनीला टेकली की तिच्या कडेची वीतभर पट्टी आडवी पडायची, बाईची खुर्ची वर चढायची, मग पट्टी उभी राहायची. ती पूर्ण उभी राहिल्याशिवाय लिफ्टने हलायचं नाही, एवढ्याचसाठी तिथे एक लहानसा स्विच होता. तो बिघडला आणि लिफ्ट जागची हलेना.

नवा स्विच मागवायचा तर बरेच दिवस लागणार होते. दुकान बंद ठेवायचं म्हणून बाई रडकुंडीला आलेली. डॉक्टरने स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली, आणि पट्टी उभी असो की आडवी, लिफ्ट चालायला लागली. फळीवर स्वतः उभा राहून त्याने ती वर-खाली करून दाखवली. बिलात मात्र नवा स्विच लागला, तोही खुर्चीवाल्या गाडीच्या भावाने. बाईची अडचण भागवली, पुण्याचं काम केलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि चहा सांगितला.

महिन्याभराने व्हॅन परत आली. पट्टी वाकलेली होती आणि आत बसलेल्या बाईच्या दोन्ही तळव्यांना बँडेज होतं.

"आमचंच चुकलं," नवरा म्हणाला. "हिने घाईत बटण दाबलं. पट्टी आडवीच राहिली नि लिफ्ट वर गेली. खुर्चीची पुढची चाकं बाहेर लोंबायला लागली. मी स्टिअरिंगपाशी होतो. पोचेपर्यंत ही लिफ्टचा दांडा धरून लटकलेली."

चूक कुणाची हे डॉक्टरला त्याच क्षणी कळलं होतं. तोंडातून मात्र वेगळंच बाहेर पडलं.

"होतं असं कधीकधी. जरा जपून वापरायचं."

पुढे कितीतरी दिवस त्याला ते बँडेज तेवढं दिसलं नाही, जेवढं हे वाक्य ऐकू येत राहिलं. जपून वापरायचं म्हणे. कुठल्या तोंडाने बोललो, असं स्वतःलाच विचारत तो दुरुस्तीला ठेवलेल्या बाईच्या गाडीखाली पडून राहायचा. समोर त्याचीच काळी टेप होती, जशी गुंडाळली होती तशीच. बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तर तिच्यावरच खेकसला, आणि मग त्याचीही लाज वाटून मुकाट्याने जेवला.

नवा स्विच आता त्याने खरोखर मागवला. पट्टी सरळ केली, तिची स्प्रिंग बदलली, सिमेंटची पोती फळीवर रचून लिफ्ट पुन्हा पुन्हा चालवली. पट्टी हाताने आडवी दाबून धरली की लिफ्ट हलत नव्हती. असं काम करायला त्याला पहिल्या वेळीही येत होतंच. तेच मनाला जास्त लागत होतं.

गाडी न्यायला दोघं आली, तेव्हा ऑइल बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकावर बसलेलं होतं. नवऱ्याने खिशात हात घातला.

"राहू द्या, यावेळी काही नको," डॉक्टर म्हणाला. वर उदारपणे हसायलाही गेला, पण ते जमलं नाही.

"का नको?" बाईने विचारलं.

तो फळीकडे बघत राहिला. मग एका दमात बोलून टाकलं. "स्विच मी बसवलाच नव्हता ताई. वायरी जोडल्या होत्या. तुमचं काही चुकलं नाही."

"माहितीये मला."

त्याने मान वर केली.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. पट्टी आडवी असतानाच फळी उचलायला लागली. तेव्हापासून कापड मोजायच्या गजाने मीच पट्टी ढकलून उभी करायचे. त्या दिवशी मांडीवर कपड्यांचा गठ्ठा होता, गज दुकानात राहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून जाणार कुठे? या लिफ्टला हात लावणारे तुम्ही एकटे. तुम्ही रुसलात तर माझं दुकान बसलं. आमचं चुकलं म्हणा, हे ह्यांना मीच पढवलं होतं."

नवरा दुसरीकडे बघायला लागला. डॉक्टरला वाटलं, धरणीने आत्ता पोटात घेतलं तर बरं होईल. लोक आपल्याशी इतके गोड बोलतात याचा त्याला आजवर अभिमान होता.

"पैसे पूर्ण घ्या," बाई म्हणाली. "फुकट केलंत की माझं तोंड बंद. आणि मला बोलायचंय."

नवऱ्याने नोटा पुढे केल्या. डॉक्टरने त्या घेतल्या. न घेणं सोपं गेलं असतं.

"आता ऐका," बाई म्हणाली. "मी उसवलेली शिवण डिंकाने चिकटवून दिली, तर गिऱ्हाइकाचा फार तर झगा फाटेल. तुम्ही माझा जीव टांगून दिलात. वर दाम दुप्पट लावलात. आणि मी हात सोलून आले, तर मलाच जपून वापरायला सांगितलंत. लाज नाही वाटली तुम्हाला?"

बाकावरचं गिऱ्हाईक कान देऊन ऐकत होतं. डॉक्टरने त्याला जा म्हटलं नाही. तो हात खाली सोडून उभा राहिला, आणि सगळं ऐकायचं असं त्याने मनाशी ठरवलं.

पण बाई थांबली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. त्याला राग तर आला नाही ना, हे ती बघत होती.

"बोला ताई," तो म्हणाला.

"नाही, म्हणजे... काम या वेळी चांगलं केलंत हो," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि ती त्याच्याकडे बघून हसली.