काचेपलीकडचे श्रोते

गाणी तपासायच्या खोलीत काचेपलीकडे श्रोते बसत. प्रत्येकाच्या हातात एक बटण. कंटाळा आला की दाबायचं. निम्म्यांनी दाबलं की गाणं नापास. खोली चालवणाऱ्याने निकाल एकदा कायम केला की तो कुणालाच बदलता येत नसे. सगळी रेडिओ केंद्रं, सगळ्या वाहिन्या आणि मोबाइलवरची गाणीसुद्धा एकाच कंपनीच्या मुठीत, त्यामुळे इथे आपटलेलं गाणं कुठेच वाजत नसे.

खोली चालवायची धाकटी. तिच्या दादाचं गाणं इथेच आपटलं होतं. सुरुवातीला एकटं व्हायोलिन, शब्द सावकाश येणारे. "सुरुवात काप," कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. दादाने कापली नाही. आता तो वाद्यं दुरुस्त करतो आणि रेडिओ लागला की उठून जातो. धाकटीने तेव्हापासून डूख धरला होता.

साहेबांनी तरुणपणी बांधलेली चाल कंपनीच्या वाढदिवशी सगळीकडे वाजणार होती, अर्थातच तपासणीशिवाय. धाकटीने ती गुपचूप, बिननावाची, त्या दिवशीच्या गाण्यांत सरकवली. प्रयोग चोख हवा, म्हणून श्रोते नेहमीचेच ठेवले, आवाजही नेहमीएवढाच. मग साहेबांना काचेअलीकडे आणून बसवलं.

"अगं, हे तर माझं!"

"हो. बघू या लोकांना कसं वाटतं."

पियानो संथपणे उलगडू लागला आणि बटणं पटापट दाबली गेली. एका बाईंनी तर दोनदा दाबलं.

"थांबा ना जरा! पुढे काय सुंदर वळण आहे!" साहेब काचेवर हात आपटत म्हणाले.

"थांबायची सवय मोडलीय त्यांची. कुणी मोडली, ते तुम्हाला सांगायला हवं का?"

साहेबांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "निकाल अजून कायम केला नाहीस ना? पास कर. तुझ्या दादाचं गाणंही लावू. न कापता, सगळीकडे."

धाकटीचा हात अधांतरी राहिला. याच शब्दांसाठी ती इतकी वर्षं या खोलीत दात-ओठ खात बसली होती. आपण हे नाकारलं असं कळलं तर दादा आपल्याशी बोलेल का, याची तिला खात्री नव्हती.

तिने 'नापास' दाबलं.

"वेडी आहेस! भावाचं वाटोळं केलंस!"

"केलं," ती म्हणाली. "पण तुमचंही केलं."

पलीकडे पुढचं गाणं सुरू झालं. साहेब आपल्या चालीचं ते राहिलेलं वळण ओठांतल्या ओठांत गुणगुणू लागले. खरंच सुंदर होतं. धाकटीने स्पीकरचा आवाज वाढवला, ते ऐकू येईनासं होईपर्यंत.