सातव्या पानावरची फुली

मी चार रेघी वही. वर-खाली लाल रेघ, मधे दोन निळ्या, इंग्रजी अक्षरं ओळीनं बसवायला. मला बोलायची सवय नाही, लिहून घ्यायची आहे. पण सातव्या पानावर फुली बसली तेव्हापासून गप्प राहवत नाही.

निमगाव सावा गावच्या दुकानातून मला संस्कृतीनं आणलं. दुसरीतली पोर, शाळा इंग्रजी. जीभ बाहेर काढून एकेक अक्षर असं लिहायची, जसं कांद्याचं रोप लावावं. सुटं, सरळ, बोटभर अंतर राखून. मला लई बरं वाटायचं.

सातव्या पानावर तिनं इंग्रजीत 'माझी आई' लिहिली. पाच ओळी. एक चूक नव्हती. माझ्याच अंगावर लिहिलेलं, मला ठाऊक. साधना मिसनी लाल पेन घेतला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. का? तर अक्षरं जोडलेली नव्हती. वीस वेळा जोडून लिहून आण म्हणाल्या.

आता हे जोडणं काय असतं ते ऐका. मराठी अक्षरं एका रेघेखाली उभी राहतात, जशी माणसं वळचणीला. पण तोंड ज्याचं त्याला राहतं. इंग्रजीत तसं नाही. तिथं ती पायाशी एकमेकांत शेपट्या अडकवतात आणि कित्येक तर तोंडच बदलतात. पुस्तकातला एस आणि जोडलेला एस शेजारी ठेवा, सख्खी भावंडं वाटायची नाहीत. सात वर्षांच्या पोरीनं ती ओळखायची कशी?

संस्कृती रोज सकाळी पोट धरून बसू लागली. शाळेचं नाव काढलं की रडायची. मला तिनं गव्हाच्या कोठीमागं सारलं. दळण काढताना मी तिच्या आईच्या, प्रतिभाच्या हाती लागले.

प्रतिभा चौथी शिकलेली, मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरं ती खताच्या गोण्यांवरून शिकली, तीही सुटी असतील तरच कळतात. उंबऱ्यावर बसून तिनं सातव्या पानावर बोट ठेवलं.

"पी, आर, ए... हे तर माझं नाव हाय." बोट खाली सरकलं. "बी, आय, बी... बिबट्या? बिबट्याचं काय लिवलंय गं?"

"तू त्याला भीत नाहीस, असं," संस्कृती म्हणाली.

प्रतिभा हसली. "आजवर इंग्रजीत मला कुणी लिवलं नव्हतं." मग फुलीकडं बोट केलं. "आन हे? चुकलंय काय?"

"चुकलं नाही. जोडलं नाही."

प्रतिभानं मला काखेत मारलं आणि तडक शाळा गाठली.

"मिस, हे पान चुकलंय का?"

"चूक नाही हो. पण शाळेचा नियम आहे, जोडूनच लिहायचं. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"न्हाईच कळत. पोरीनं लिवलेलं कळलं, म्हणून तर आले. तुमच्या फाटकावर शाळेचं नाव हाय, ते का न्हाई जोडलं?"

मिसनी खिडकीतून फाटकाकडं पाहिलं.

"पोरगी आत्ता कुठं पायावर उभी राहतीय, आन तुमी तिला फुगडी घालायला लावताय. आधी पाय तर रोवू द्या."

"ताई, फुली आता पुसता येणार नाही."

"पुसू नका. शेजारी बरोबर करा. माझं नाव बरोबर हाय."

मिसनी बरोबरची खूण केली. इवलीशी, कोपऱ्यात. जोडायचं दिवाळीनंतर बघू म्हणाल्या. एवढी मोठी फुली आणि एवढीशी खूण, हे मला अजून पटलेलं नाही.

संस्कृती आता तिसरीत आहे. जोडून झरझर लिहिते. हात बसला तशी अक्षरं आपणहून एकमेकांना बिलगली. मी रद्दीत जायची, पण प्रतिभानं मला रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.

मिसबाईंनो, लाल पेन उचलायच्या आधी एवढंच विचारा, हे पान वाचणार कोण आहे.

माझं शेवटचं पान कोरं राहिलं होतं. परवा संस्कृतीनं ते भरलं. पुन्हा 'माझी आई', या खेपेला दहा ओळी. पान आईला वाचायचंय, म्हणून तिनं एकही अक्षर जोडलेलं नाही.