पेठकरांच्या घरचा धाकटा

मित्रांनो, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटातून आत शिरलात की उजव्या हाताला, कडुनिंबाखाली, एक हिरवागार पिकअप उभा दिसेल. तोच मी. रंगावर जाऊ नका. रंग नवा आहे, मी चांगला जुना आहे. माझ्या वयाच्या गाड्यांचे आता पत्रेसुद्धा शिल्लक नाहीत. मी शिल्लक कसा राहिलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट सरकारी नोकरीत लागलो. दिल्लीच्या एका सरकारी बागखात्यात माझी नेमणूक झाली. हिंदूरावच्या टेकडीवर कडुनिंबाची रोपं न्यायची, रस्त्याच्या दुभाजकांत बोगनवेल पोहोचवायची, शेणखत आणायचं, ही माझी कामं. त्या खात्यात दीनानाथ पेठकर नावाचे साहेब होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण नोकरीमुळे दिल्लीचेच झालेले. माझ्या हौद्यातलं एखादं रोप आडवं झालं, तर गाडी थांबवून ते स्वतः खाली उतरत आणि त्याला टेकू देत. मला ते तेव्हापासून आवडायचे.

पुढे खात्यात नव्या गाड्या आल्या आणि आम्हा जुन्यांचा लिलाव झाला. तेव्हा पेठकरसाहेबांनीच मला घरी नेलं. त्यांची लेक मयुरा शाळेत होती. त्यांच्या पत्नी लतिकाबाई गॅलरीतून खाली बघत म्हणाल्या, "अहो, लोक कार घेतात आणि तुम्ही टेम्पो आणलात?" पण खाली येऊन त्यांनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि शेजारणीला सांगितलं, "हा आमचा धाकटा." सोसायटीत दिल्लीत वाढलेली मराठी मुलं पुष्कळ. त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. माझं नावच धाकटा आहे, असं ती धरून चालली आणि तेच नाव मला चिकटलं.

मग माझा खरा संसार सुरू झाला. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीवर बदलून येणारी मराठी कुटुंबं किती असतात, हे मला विचारा. निजामुद्दीन स्टेशनवर सगळ्यांचं सामान मीच उतरवून घ्यायचो. स्टीलचे डबे, गाद्यांच्या वळकट्या, पुरणयंत्र, शिलाईमशीन. कुणाच्या सामानात देव्हारा असे, कुणाच्या बुद्धमूर्ती, कुणाच्या कुराण ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड. मला सगळं सारखंच जड. तीन-चार वर्षांनी त्याच लोकांची परत बदली झाली की त्यांना स्टेशनवर सोडायलाही मीच. जाताना मुलं माझ्या हौद्याच्या मागच्या फाळक्याला हात लावून जायची. त्या दिवशी परत येताना माझा हौदा फार मोकळा वाटे.

माझा आवाज दांडगा होता. गेटापासून माझी गुरगुर तिसऱ्या मजल्यापर्यंत जायची. लतिकाबाई ती ऐकूनच चहाचं आधण ठेवत. साहेब जिना चढेपर्यंत चहा तयार. घरच्यांना मी आलेला कळतो, यापेक्षा मोठा मान गाडीला नसतो, असं आपलं मला वाटे.

आणि खंडेनवमीचा थाट तर विचारूच नका. त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडायची. पाने, पक्कड, करवत, साहेबांची झाडं छाटायची कात्री, सगळं. त्यांची पूजा झाली की दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. माझं बोनेट उघडून लतिकाबाई इंजिनावर हळदकुंकू लावत आणि अक्षता वाहत. दसऱ्याला मला सोनं मिळे. दिल्लीत आपट्याची पानं मिळायची मारामार, म्हणून साहेब कांचनाच्या झाडाची आणत. तसंच जोडपान असतं. धाकट्यानं कधी तक्रार केली नाही.

मग दिल्लीत हवेचं दुखणं वाढलं आणि आम्हा जुन्या डिझेल गाड्यांना रस्ते बंद झाले. चूक कुणाची म्हणावी? धूर मी सोडत होतो, हे खरंच होतं. साहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी मला कडुनिंबाखाली लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ते खाली उतरेनासे झाले. माझ्या टपावर कबुतरांनी संसार थाटला. चाकांतली हवा गेली. कुणीतरी माझ्या हौद्यात फुटकी कुंडी टाकली, मग दुसरी टाकली, मग ती जागाच कचऱ्याची झाली. मित्रांनो, गंजाचं दुखत नाही. आपल्या शेजारून रोज जाणारी माणसं आपल्याकडे बघायची बंद होतात, ते दुखतं.

एक दिवस भंगारवाला येऊन माझ्या पत्र्यावर टिचक्या मारून गेला. त्या संध्याकाळी मयुरा गुरुग्रामच्या ऑफिसातून मेट्रोनं आली आणि वर जाण्याऐवजी माझ्यापाशी थांबली. तिनं माझं दार ओढलं. ते कुरकुरत उघडलं. सीटवर बसून तिनं वडिलांना फोन केला.

"बाबा, खाली या. याचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवता येते. मी सगळं विचारून आले आहे. परवानगीही मिळते."

साहेब आले. किती दिवसांनी त्यांचा हात माझ्या बोनेटवर पडला. "आणि अंगावरचा गंज?" ते म्हणाले.

"तो आपण घरी काढू. तुम्ही, मी आणि आई. बिल्कुल जमेल."

"परवानगीला मुदत असेल."

"आहे ना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी, तीच शेवटची तारीख. पण मागितली तर वाढवून देतात."

"मी मागणार नाही," साहेब म्हणाले. "लोकांच्या मुदतवाढीच्या अर्जांवर जन्मभर नामंजूर लिहिलं मी. आता कुठल्या तोंडानं मागू? तारीख चुकली तर भंगारवाल्याला मीच फोन करीन."

साहेब बोलले की बोलले. म्हणजे माझा जीव त्या एका तारखेला टांगला गेला.

पण कामाला लागल्यावर तिघांनी हयगय केली नाही. दर शनिवार-रविवार माझ्या अंगावर पॉलिशपेपर फिरे. गंज उडून साहेबांच्या भुवया तांबड्या होत. जिथं पत्रा खाल्ला गेला होता तिथं ठिगळ लावलं, खड्ड्यांत पुट्टी भरली. हौद्याच्या सडक्या फळ्या काढून नव्या घातल्या. लतिकाबाईंनी सीटचं रेक्झिन शिवता शिवता चार सुया मोडल्या आणि प्रत्येक सुईमागे मला एकेक शिवी दिली. धुळीची तक्रार घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी भाऊसाहेब आले, ते जाताना ब्रश हातात घेऊन मागचं फाळकं रंगवून गेले. रंग अर्थातच बागखात्याचा हिरवा. त्यावर साहेबांनी चर्चाच होऊ दिली नाही.

मग मला गुरुग्रामच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं, तेही दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढवून. जन्मभर लोकांचं सामान वाहिलं आणि आता स्वतःच सामान झालो. तिथं अशोक नावाच्या मिस्त्रीनं माझं इंजिन काढलं. दोन साखळ्यांना लटकलेलं ते काळं धूड मी समोरून पाहिलं आणि मला फार भीती वाटली. याच्याशिवाय मी मीच राहीन का? मोटर बसली, हौद्याखाली बॅटरी बसली, डिझेलच्या तोंडाशी चार्जिंगचं तोंड आलं. पहिल्यांदा मला चालवलं तेव्हा मी हललो, पण आवाज आला नाही. मला वाटलं, माझी वाचाच गेली. आता गेटापासून लतिकाबाईंना काय ऐकू जाणार?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मला परत आणलं. बॅटरीत जेमतेम धुगधुगी होती. नवमीला पाट मांडला, हत्यारं ठेवली, माझ्या आरशांना झेंडूच्या माळा घातल्या. लतिकाबाईंनी सवयीनं बोनेट उघडलं आणि त्या थबकल्या. आत इंजिनच नव्हतं.

"आता कुंकू कुठं लावू?" त्या म्हणाल्या.

"आई, कुठंही लाव. बोनेटवर लाव," मयुरा म्हणाली आणि वर आरतीचं तबक आणायला गेली.

लतिकाबाईंनी बोनेटवर कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पण त्यांचं समाधान होईना. त्या माझ्याभोवती फिरल्या आणि चार्जिंगच्या तोंडापाशी थांबल्या. "इथूनच खाणार ना तू आता? मग तुझी पूजा इथं," असं म्हणून त्यांनी झाकण उघडलं, आत ओलं हळदकुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. मग झाकण लावून मनापासून हात जोडले. इतक्या मायेनं केलेल्या गोष्टीला नको तरी कसं म्हणावं? शिवाय मला बोलता कुठं येतं.

पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही, म्हणून त्या दिवशी चार्जिंग नाही. दसऱ्याला सकाळी पूजा उचलली, साहेबांनी प्लग लावला. हिरवा दिवा लागायचा, तो लागला लाल. काढून लावला, लाल. मयुरानं लॅपटॉप आणला, वायर जोडली, पडद्यावरचं वाचून डोकं खाजवलं. दुसरा प्लग आणला. लालच.

तिनं अशोकला फोन लावला. फोनमध्ये ढोल वाजत होते, लहान मुलं ओरडत होती. "मैडम, आज तो दशहरा है, वर्कशॉप बंद है," तो म्हणाला. "बच्चों को रावण दिखाने लाया हूँ। परसों आ के देखता हूँ, पक्का।"

तपासणी उद्या होती. परवा येऊन काय उपयोग?

दुपार टळली. साहेब कडुनिंबाच्या पारावर बसले होते. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागले. मयुरा म्हणाली, "बाबा, प्लीज, थोडं थांबा ना." साहेबांचा अंगठा पडद्यावर नुसताच फिरत होता, कुठं टेकत नव्हता. त्या घटकेला मित्रांनो, मी सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला होता.

लतिकाबाई तबकात सोन्याची पानं आणि उदबत्ती घेऊन खाली आल्या. "काही का होईना, आज त्याला सोनं द्यायचंच," त्या म्हणाल्या. एक पान बोनेटवर ठेवलं, एक ठेवायला चार्जिंगच्या तोंडाशी आल्या आणि तिथंच वाकून राहिल्या.

"मयुरा, काल मी इथं अक्षता वाहिल्या होत्या. बोनेटवरच्या अजून तशाच आहेत. इथल्या कुठं गेल्या?"

मयुरानं आधी आईकडे पाहिलं, मग प्लगच्या भोकांकडे. "आई, तू चार्जिंगमध्ये तांदूळ घातलेस?"

"घातले नाहीत. वाहिले."

साहेब पारावरून उठले. मयुरानं आधी सगळा प्रवाह बंद केला आणि टॉर्च लावला. पाचांपैकी दोन भोकांत तांदूळ रुतून बसले होते, कुंकवात भिजून चांगले लालभडक झालेले. साहेब पक्कड घ्यायला धावले, तर ती ओरडली, "लोखंड नको, बाबा!" तेव्हा लतिकाबाईंनीच तबकातली उदबत्ती उचलली, तिचा मसाला नखानं खरवडला आणि नुसती काडी लेकीच्या हातात दिली. एकेक दाणा बाहेर आला. मग कुंकू कोरड्या फडक्यानं टिपलं आणि मयुरानं केस वाळवायचं मशीन आणून त्याची हवा माझ्या तोंडात सोडली. गुदगुल्या होत होत्या, पण मी दम धरला.

प्लग लावला. दिवा हिरवा झाला.

साहेबांनी फोन खिशात घातला आणि एकदम खो खो हसत सुटले. लतिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला दिसलं नाही. लांब मैदानात रावण पेटला, फटाके वाजायला लागले आणि मी पोटभर जेवत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तपासणीत ब्रेक, दिवे, बॅटरी, सगळं पाहिलं आणि मला पास केलं. साहेबांनी ‘पास’ हा शब्द दोनदा विचारून घेतला. परत येताना यमुनेच्या पुलावर त्यांनी काच खाली केली. माझा आवाज नसल्यामुळे त्यांचं गुणगुणणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं. इतकी वर्षं ते गात होते आणि मी त्यावर गुरगुरत होतो.

गेटातून आम्ही शिरलो, ते पानाचाही आवाज न करता. मला वाईट वाटत होतं. आज आधण ठेवलेलं नसणार. साहेब उतरले आणि त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत लतिकाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"आम्ही आलो ते तुला कळलं कसं? आवाज तर नाही याचा," साहेबांनी खालून विचारलं.

"कळायचं काय त्यात? सकाळपासून इथंच उभी आहे. चहा दोनदा उतू गेला."

माझ्या मनातली उरलीसुरली भीती तिथं संपली.

आता मी परत निजामुद्दीनला जातो. परवाच अक्षया आणि अनिश या जोडप्याचं सामान आणलं. नव्या फळ्यांवर त्यांच्या पुरणयंत्राचा पहिला ओरखडा उठला आणि मला बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू गप्प पडून असेल, तर ती संपली असं धरून चालू नका. तिच्याजवळ जा, झाकण उघडा, धूळ पुसा, काय अडकलंय ते बघा. बहुतेक वेळा दोन दाणेच निघतात. आणि तिची पूजा जरूर करा. फक्त अक्षता वाहताना थोड्या लांबून वाहा.