तानीबाई गंड यल्लाप्पा

"तानीबाई गंड यल्लाप्पा!" मंगलबाईंनी छापलेला कागद मोठ्याने वाचला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं शाल्मली, ह्यो तुझा कॉम्प्युटर तानीबाईला गंडवतोय काय?"

शाल्मलीलाही हसू फुटलं. रघुवीर वकिलांची ही लेक बेंगळुरूला नोकरी करते. दिवाळीच्या सुट्टीत निपाणीला आली होती. वडिलांच्या ऑफिसात जमिनीचे कानडी उतारे येतात आणि पक्षकारांना वाचता यावेत म्हणून त्यांचं मराठी करून द्यावं लागतं. हे काम वर्षानुवर्षं मंगल कांबळेंचं. तेच रकाने, तीच वाक्यं, बदलतात ती फक्त नावं. संध्याकाळी त्यांची मान आखडलेली बघून शाल्मलीनेच एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. कानडी उतारा आत घातला की मराठी बाहेर.

"कानडीत गंड म्हंजे नवरा गं. बाईच्या नावाफुडं तसं लिवत्यात. तिथं 'पती' घाल. आन् पुरुषाच्या फुडं 'तंदे' आलं की 'वडील'. न्हायतर लोक म्हणतील, तंदे ह्ये कुठलं आडनाव काढलंय!"

आठवडाभर दोघींचं हेच चाललं. मंगलबाई चुका काढायच्या, शाल्मली दुरुस्त करायची. आपल्याला कुणीतरी इतकं विचारतंय याचंच मंगलबाईंना अप्रूप. माणूस आपल्याच पायावर धोंडा मारून घेतो तेव्हा असा खुशीतच असतो.

"मंगलआक्का, आता बघा, अंधार पडायच्या आत तुम्ही बोरगावला घरी."

"व्हय? मग तर लई भारी."

शाल्मलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला शिव्या देता आल्या असत्या तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

दिवाळी सरली. शाल्मली गेली, प्रोग्रॅम राहिला. दिवसभराचं काम कपातला चहा निवायच्या आत होऊ लागलं. मंगलबाई प्रथमच खुर्चीत आरामात टेकून बसल्या. मग बसवेना. त्यांनी कपाटं पुसली, फायलींना नव्या दोऱ्या बांधल्या. वकीलसाहेब केबिनच्या काचेतून बघायचे आणि मान फिरवायचे. शेवटी मंगलबाई झालेलेच उतारे पुन्हा हाताने टाइप करू लागल्या. छापायचे नाहीत, नुसते टाइप करायचे. बोटांचा आवाज येत राहिला पाहिजे, एवढंच.

एकदा मनात आलं, पतीच्या जागी पुन्हा गंड घालून ठेवावं. पण ते कुठे बदलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी साहेबांनी बोलावलं आणि बसा म्हणाले. साहेब कधी बसा म्हणत नसत.

"मंगलबाई, आता काम राहिलं नाही बघा. तुम्हालाही दिसतंय."

"फोन घेईन की साहेब. झाडलोट करीन."

"झाडायला जयाबाई आहेत."

जयाबाईच्या हातातली केरसुणी ओढून घ्यावी इतकं मंगलबाईंचं मन निबर झालेलं नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला निपाणीत नवं काम कोण देणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"आज काय करू मग?"

"जा की. उगाच संध्याकाळपर्यंत कशाला थांबता?"

दुपारची एसटी जवळजवळ रिकामी होती. खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते त्यांना सांगता आलं नसतं. रडूही आलं नाही. घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सासूबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पावलांचा आवाज आला तसा त्यांनी कपाळावर हात आडवा धरला.

"मंगल? एवढ्या उनाची आलीस?" म्हातारीचा चेहरा फुलला. "एकटीला दिवस खायाला उठतोय बघ मला. लई ब्येस केलंस. रोज अशीच येत जा गं."

मंगलबाईंनी चपला काढल्या. शेजारी बसकण मारली आणि थोड्या शेंगा आपल्यापुढे ओढून घेतल्या.

"व्हय, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "आता रोज."