चारशे सतरा नंबरची नोंद

"अजिम, तूच हात लावलास ना माझ्या डेटाला? खरं सांग!"

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी कामगारांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि अजिम माझ्या शेजारी बसतो. त्यामुळे शिव्या बिचाऱ्याच्याच वाट्याला येतात.

"अगं बाई, मी सकाळपासून कॅन्टीनच्या कुपनात अडकलोय," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायलाही वेळ नाही."

आमच्या कंपनीत एक रीत आहे. कामगार निवृत्त झाला किंवा देवाघरी गेला आणि त्याच्या घरातलं कुणी कामाला लागलं, तर त्याचाच टोकन नंबर त्या माणसाला देतात. इनायतचाचा पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले, नंबर चारशे सतरा, सव्वीस वर्षांची नोकरी. फेब्रुवारीत हार्ट अटॅकनं गेले. त्यांची मुलगी आरफा आयटीआय झालेली. दोन महिने खेटे घालून तिला जागा मिळाली होती, आणि आज अडीचच्या शिफ्टआधी गेटच्या यादीत तिचं नाव आलं नाही, तर ती जागा वेटिंगवाल्याला जाणार होती.

आणि नाव काही सेव्ह होईना! प्रत्येक वेळी लाल अक्षरांत तेच यायचं: ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली किंवा पुसली आहे. अरे, जी नोंद अजून जन्मालाच आली नाही, ती पुसणार कोण?

"ताई, मी बाहेर थांबू का?" समोरच्या खुर्चीत फाईल छातीशी धरून बसलेल्या आरफानं विचारलं.

"बस गं गप्प!" मी खेकसले. तिचा चेहरा उतरला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. इनायतचाचा दर ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा वेगळा डबा आणायचे. त्यांच्या लेकीवर मी ओरडत होते.

अजिमनं खुर्ची सरकवली. "सकाळी बाकीची नवी पोरं सेव्ह झाली ना? मग हिच्यात वेगळं काय?"

वेगळं एकच होतं. आमच्याकडे टोकन नंबर हाच नोंदीचा नंबर. बाकीच्यांचा नंबर मी रिकामा सोडते, तो डेटाबेस स्वतः देतो. आरफाचा मात्र मी हातानं भरला होता, चारशे सतरा. नंबर आधीच भरलेला दिसला की जावातल्या आमच्या सॉफ्टवेअरला वाटतं, ही नोंद जुनी आहे. ते तिला शोधायला जातं, ती सापडत नाही, मग म्हणतं, कुणीतरी पुसली.

"आणि खरंच पुसली होती!" मी मोठ्यानं बोलून गेले. पुसणारी मीच. नंबर मोकळा करायला, सोमवारी संध्याकाळी, एका फटक्यात.

मी टोकनसाठी वेगळा रकाना केला, नोंदीचा नंबर डेटाबेसवर सोडला, आणि गेटला तो नवा रकाना वाचायला लावलं. दोन वाजता आरफा सेव्ह झाली.

"अल्हम्दुलिल्लाह!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "पण ताई, पुसली होती ती कुणाची नोंद?"

खोटं बोलता आलं असतं.

"तुझ्या अब्बांची," मी म्हणाले. "आणि गरज नव्हती गं. माझं चुकलं."

"सगळी? सव्वीस वर्षं?"

देवाची कृपा, रविवारचा बॅकअप होता. मी नोंद परत आणली. इनायतचाचांचं नाव, फोटो, रुजू झाल्याची तारीख, सगळं आलं. फक्त नोकरी संपल्याची तारीख कोरी होती, कुणी भरलीच नव्हती. ती भरेपर्यंत सॉफ्टवेअर त्यांनाच चालू कामगार धरणार, आणि चारशे सतरा नंबरवर गेट आरफाला आत सोडणार नाही.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. पुढे काही लिहवेना.

"मी भरते, ताई," आरफा म्हणाली.

तिनं कीबोर्ड ओढून घेतला. दिवस, महिना, वर्ष, एकेक आकडा दाबत तिनं तारीख भरली, आणि सेव्हचं बटण कुठलं ते विचारलं. मी दाखवलं. तिनं ते दाबलं, आणि या वेळी काहीच अडलं नाही.

अडीचला दहा मिनिटं होती. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, सेफ्टी शूज घातले आणि फाईल उचलली.

दारात थांबून म्हणाली, "आता त्यांना पुसू नका हां, ताई." आणि गेटकडे पळाली.